प्रबंधात एआयची मदत घेतली, हे कुठं आणि किती सांगायचं?

चोपड्याचीलेक | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसती वाचतेय इथं, आज धागा काढायची वेळ आली.

अर्थशास्त्रात पीएचडी करतेय. विषय: केळीपट्ट्यातले सालदार, म्हणजे वर्षभरासाठी ठरवलेले शेतगडी. चोपडा, यावल, रावेर या तीन तालुक्यांत ६४ सालदार आणि २१ मालकांच्या मुलाखती घेतल्या. मुलाखती अहिराणी, लेवा बोली आणि थोड्या पावरीत, प्रबंध इंग्रजीत. नोकरी सांभाळून पाचवं वर्ष चालू आहे, सहाची मुदत डोक्यावर.

खरं सांगते, चॅटजीपीटी वापरलं. दुसऱ्या आणि चौथ्या प्रकरणाचं इंग्रजी त्याच्याकडून सुधारून घेतलं. इंग्रजी लेखांचे सारांश काढून घेतले, पण मूळ लेख नंतर वाचले. एकदा फक्त संदर्भ मागितले. त्यानं सहा दिले, त्यातले तीन जगात कुठंच नव्हते. त्या दिवसापासून तो उद्योग बंद.

आता गंमत बघा. प्लॅगॅरिझमचा रिपोर्ट आला, समानता ७ टक्के. पण त्याच रिपोर्टात एआयचा वेगळा रकाना आहे. त्यात तिसऱ्या प्रकरणाला ३८ टक्के दाखवलंय, जे मी रात्री जागून स्वतः लिहिलं. मशीनकडून सुधारून घेतलेल्या चौथ्याला १२!

गाईड म्हणाले, "काय काय वापरलं ते एका पानावर लिहून आणा, मग बघू." सोबतच्या दोघीजणी म्हणतात, वेडी आहेस का, गप्प बस. तुम्ही काय केलंत? आणि लिहायचं तर नेमकं काय?

---

भरीतपार्टी | सोमवार, रात्री १०:५२

३८ टक्के एआय आणि ६२ टक्के जागरण असं लिहा.

---

तापीकाठ | सोमवार, रात्री ११:१५

ताई, आधी त्या रकान्याची भीती घालवा. ज्यांनी चॅटजीपीटी काढलं, त्या ओपनएआयनंच मजकूर ओळखायचं एक साधन काढलं होतं. त्यांच्याच आकड्यांप्रमाणे ते एआयचा फक्त २६ टक्के मजकूर पकडायचं आणि माणसांनी लिहिलेल्यातला ९ टक्के मजकूर एआयचा ठरवायचं. जुलै २०२३ मध्ये त्यांनी ते गुपचूप बंद केलं. बनवणाऱ्याला आपलं पोर ओळखता येईना, तर दुसऱ्याचं काय?

त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या लोकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांना दिले. सरासरी निम्म्याहून जास्त निबंध मशीनचे ठरवले. कारण साधं आहे. ही साधनं बघतात की पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो. आपण मराठी माध्यमातली माणसं इंग्रजी बेतानं लिहितो, ठरलेले शब्द, सरळ वाक्यं. ते त्याला मशीनसारखं वाटतं. आणि मशीननं नटवलेलं चौथं प्रकरण त्याला माणसासारखं वाटलं.

---

चोपड्याचीलेक | सोमवार, रात्री ११:२१

म्हणजे माझं इंग्रजी कच्चं आहे हा गुन्हा झाला तर. 😄

---

नाना_निवृत्त | मंगळवार, सकाळी ६:१०

मी ३१ वर्षं शिकवलं, ११ विद्यार्थ्यांना पीएचडी दिली. माझं मत कडक आहे, राग मानू नका. प्रबंध म्हणजे शिकाऊ माणसानं लिहायला शिकण्याची जागा. ती वाक्यं दुसऱ्यानं लिहिली तर शिकला कोण? कॅल्क्युलेटरचं उदाहरण लोक देतात. पण कॅल्क्युलेटर तुमच्यासाठी गणित मांडत नाही, मांडलेलं सोडवतो. इथं मांडणीच तो करतो.

माझ्या हाताखाली एकही शब्द चालला नसता.

---

सातपुड्याची_वाट | मंगळवार, सकाळी ८:३५

नाना, आदर ठेवून विरोध करतो.

मी धडगाव तालुक्यातला. घरात पावरी, शाळेत मराठी, कॉलेजात एकदम इंग्रजी. एम.एस्सी.ला माझ्यासोबत नाशिकचा एक मित्र होता. त्याची मावशी इंग्रजीची प्राध्यापिका. त्याचं प्रत्येक प्रकरण मावशीच्या हातून जायचं. आभारात लिहिलं, "मावशीच्या मार्गदर्शनाबद्दल". सगळ्यांना कौतुक. मला मावशी नाही. माझ्या आईला अंगठा येतो. मग मी ते यंत्र वापरलं तर मी चोर?

पैसे देऊन भाषा सुधारून घेणारे तर कधीपासून आहेत. फरक एवढाच की आता ते फुकट झालं.

---

फडावरचा_पाटकरी | मंगळवार, सकाळी ८:४९

+१. शिवाय नाना, तुमच्या काळात धुळ्यात अन् जळगावात टायपिंगच्या दुकानांत "प्रबंध करून मिळेल" हे तोंडी सांगितलं जायचं, ते आपण सगळ्यांनी ऐकलंय. एआयनं फक्त त्यांचा धंदा बसवला.

---

नाना_निवृत्त | मंगळवार, सकाळी ९:३०

> तुमच्या काळात टायपिंगच्या दुकानांत

ऐकलंय, आणि दोनदा पकडलंयही. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, विचारलं, "पान ८४ वर तुम्ही हे म्हणता, का?" तर उमेदवार पान ८४ शोधत बसला. तेव्हाही हीच कसोटी होती.

सातपुड्याची वाट, तुमच्या मावशीच्या मुद्द्यावर मी दिवसभर विचार करतो. लगेच उत्तर नाही.

---

केळीचा_घड | मंगळवार, सकाळी १०:०५

भाषा सुधारून घेणारे सगळे, हे वाचा आणि मग बोला.

मी कृषीचा. केळीवरचा करपा हा विषय. माझ्या मराठी नोंदी इंग्रजीत करून घेतल्या. नोंदीत होतं, "कांदेबागेत मृगबागेपेक्षा प्रादुर्भाव कमी". मशीननं लिहिलं, "ओनियन गार्डनमध्ये". आपल्याकडं शेंबड्या पोराला माहीत आहे की मृगबाग म्हणजे जून-जुलैची लागवड आणि कांदेबाग म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरची. कांद्याचा संबंधच नाही. पण इंग्रजी इतकं गुळगुळीत होतं की मी तीनदा वाचून पुढं गेलो. गाईड परभणीकडचे, त्यांनाही खटकलं नाही. पकडलं कोणी? माझ्या वडिलांनी. त्यांना "ओनियन" एवढा शब्द येतो.

---

भरीतपार्टी | मंगळवार, सकाळी १०:११

वडिलांना सहमार्गदर्शक करा भाऊ.

---

आखाजीचा_झोका | मंगळवार, सकाळी १०:४०

माझं तर याहून भारी. आहारावर काम करते. "दादरची भाकर" असं लिहिलं होतं. त्यानं "मुंबईच्या दादर भागात मिळणारी भाकरी" असं करून दिलं, वर रेल्वे स्टेशनची माहितीही जोडली. रब्बीची दादर ज्वारी त्याच्या गावीही नव्हती.

---

पिंपळनेरवाला | मंगळवार, सकाळी १०:४४

दादरची भाकर, फास्ट की स्लो?

---

आखाजीचा_झोका | मंगळवार, सकाळी ११:३०

😂 पण पुढचं हसण्यासारखं नाही. माझी मैत्रीण लोकसाहित्याची. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गाणी गोळा करते. सासुरवाशिणी माहेरी येतात, झोक्यावर म्हणतात ती. एका गावात जाणं जमलं नाही, तर तिनं मशीनला म्हटलं, अशी चार गाणी दे. त्यानं दिली. चाल बसते, शब्द अहिराणीसारखे, सासू आहे, माहेरचा रस्ता आहे. सगळं आहे. फक्त ती गाणी कधी कुठल्या बाईनं म्हटलेली नाहीत. तिनं ती परिशिष्टात टाकली होती. मी रडले तिच्याशी भांडून. शेवटी काढली तिनं.

संदर्भ खोटा असेल तर कोणीतरी शोधून काढेल. गाणं खोटं असेल तर कसं शोधणार? म्हणायला बायाच राहिल्या नाहीत. तो प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, चढेल, पुढचा विद्यार्थी तिथून उचलेल, आणि वीस वर्षांनी ते "पारंपरिक" होऊन बसेल.

---

वनस्पतीवाली | मंगळवार, दुपारी १२:०२

आखाजीचा झोका, हे अगदी असंच घडलंय विज्ञानात. "व्हेजिटेटिव्ह इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी" असा शब्द बऱ्याच शोधनिबंधांत सापडला. असं काही तंत्र अस्तित्वातच नाही. १९५९ सालच्या एका लेखाचं स्कॅनिंग झालं तेव्हा पानावरचे शेजारशेजारचे दोन रकाने एकच ओळ म्हणून वाचले गेले. एका रकान्यातलं "व्हेजिटेटिव्ह" दुसऱ्यातल्या "इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी"ला चिकटलं. आता ते भाषा-मॉडेलच्या पोटात जाऊन बसलंय, निघायला तयार नाही.

---

मोडीवाचक | मंगळवार, दुपारी २:२०

धुळेकर आहे, म्हणून थोडं विषयांतर माफ करा.

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव पायपीट करून लोकांच्या माळ्यावरची दप्तरं गोळा करत हिंडले. ३१ डिसेंबर १९२६ ला ते इथं धुळ्यात गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. तिथं बसून मोडी वाचायला शिकलो. डोळे फुटतात. एकेक अक्षर, शाई पसरलेली, कागद किड्यानं खाल्लेला.

परवा हौस म्हणून एका मोडी कागदाचा फोटो मशीनला दिला. दोन सेकंदांत वाचून दाखवला! भाषा अगदी जुनी, "राजश्री", "विज्ञापना" सगळं साग्रसंगीत. आणि कागदात होती शेताच्या हद्दीची तक्रार, त्यानं वाचलं लग्नाचं आमंत्रण. जिथं मी "येथे दोन अक्षरे गेली आहेत" असं कंसात लिहितो, तिथं तो काहीतरी भरून देतो. मोडीची साधनं उद्या सुधारतीलही, नाही म्हणत नाही. पण अक्षर गेलं असेल तर गेलं म्हणावं, एवढं तरी त्यानं शिकावं.

---

तापीकाठ | मंगळवार, दुपारी ३:००

मोडीवाचक, तो वाचत नाही हो, जुळवतो. आधीच्या शब्दांवरून पुढं काय येण्याची शक्यता जास्त, ते मांडत जातो. म्हणून संदर्भसुद्धा तसेच येतात: लेखकाचं नाव त्या विषयातलं, नियतकालिक खरं, वर्ष पटण्यासारखं, फक्त लेख नाही. आताची काही साधनं नेटवर शोधून दुवे देतात, तरी दुवा उघडून लेखात तेच लिहिलंय का हे बघावंच लागतं. लेखाचा डीओआय (ओळख) क्रमांक टाकून बघायला अर्धा मिनिट लागतो.

---

दुपारची_लाईट | मंगळवार, दुपारी ३:०४

आमच्याकडे लाईट गेली की एआय बी गेला. सर्वांत जबाबदार वापर आमच्या गावात चालतो.

---

सिकलसेल_नंदुरबार | मंगळवार, सायंकाळी ६:४५

सगळे इंग्रजीवरच बोलताय. चोपड्याच्या ताईंना एक विचारायचंय. मुलाखती मशीनला दिल्यात का? कच्च्या, नावासकट?

माझं काम सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या कुटुंबांवर. आमच्या एथिक्स कमिटीनं पहिल्याच बैठकीत हे विचारलं. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्यांना पाठ असतात, पण रेकॉर्डिंग फुकटच्या ॲपमध्ये टाकताना कोणाला आठवत नाहीत. त्या बाईनं संमती मला दिली, माझ्या वहीला दिली. कुठल्यातरी परदेशी कंपनीच्या सर्व्हरला नाही. फुकटच्या खात्यात सेटिंग बदललं नाही तर तुमचं संभाषण मॉडेल शिकवायला वापरलं जाऊ शकतं. पाड्यावर चाळीस घरं असतात. नाव काढलं तरी "दोन पोरं गेलेली, अमुक पाड्यावरची विधवा" एवढं लिहिलं की सगळ्यांना कळतं कोण ते.

---

चोपड्याचीलेक | मंगळवार, रात्री ९:१०

रेकॉर्डिंग नाही दिलं. पण... दोन मुलाखतींचा लिहिलेला मजकूर दिला होता, सुरुवातीला, इंग्रजी करायला. नाव नव्हतं, गाव होतं. मालकाचं आडनावही होतं एका ठिकाणी. सालदारानं त्याच्याबद्दल जे सांगितलं ते मालकाच्या कानावर गेलं तर पुढच्या वर्षी त्याला गावात कोणी ठेवणार नाही.

आता पोटात गोळा आलाय.

---

सिकलसेल_नंदुरबार | मंगळवार, रात्री ९:२२

तसं उद्याच कोणी काही वाचणार नाही, घाबरू नका. ते संभाषण पुसा, सेटिंग बंद करा. आणि गाईडना सांगा. त्या एका पानात पहिल्यांदा हे लिहा, इंग्रजी सुधारल्याचं नंतर.

---

वकिलीण_अमळनेर | बुधवार, सकाळी ७:५०

नियमांचं थोडं. यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) वाङ्मयचौर्यावरचा नियम २०१८ चा. १० टक्क्यांपर्यंत समानतेला शिक्षा नाही, १० ते ४० ला सहा महिन्यांत सुधारून द्यायचं, ४० ते ६० ला एक वर्ष बंदी, ६० च्या वर नोंदणी रद्द. चॅटजीपीटी आलं ३० नोव्हेंबर २०२२ ला. तेव्हा त्या नियमाच्या टक्क्यांचा आणि तुमच्या एआयच्या रकान्याचा संबंध लावू नका, ते दोन वेगळे आकडे आहेत. कोणी ३८ वर बोट ठेवून "१० च्या वर आहे" म्हणालं तर लेखी मागा, कुठल्या कलमाखाली.

आणि कच्चे मसुदे जपून ठेवा. तारखेसकट फाइली, वह्या, खाडाखोड. वकिलाला कागद लागतो.

---

भरीतपार्टी | बुधवार, सकाळी ७:५८

वकिलांचं नका सांगू मॅडम. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले खटले कोर्टात दिले अन् ५००० डॉलर दंड भरला.

---

वकिलीण_अमळनेर | बुधवार, सकाळी ८:०३

ते आमच्या बारचे नव्हते. 😌

---

नाना_निवृत्त | बुधवार, सकाळी ८:४०

काल उत्तर नव्हतं, आज अर्धं आहे. मावशी असण्याला मी कधी हरकत घेतली नाही, हे खरं. म्हणजे माझा आक्षेप मदतीला नव्हता, मशीनला होता. तेवढा मागे घेतो. पण मावशी अडल्यावर विचारते, "बाळा, इथं तुला काय म्हणायचंय?" तुमचं यंत्र विचारत नाही, स्वतःच ठरवून मोकळं होतं. कांदेबागेचं तेच झालं.

---

सातपुड्याची_वाट | बुधवार, सकाळी ९:१५

मान्य नाना. मी आता उलटं करतो. "सुधार" असं म्हणत नाही. "कुठं अर्थ लागत नाही ते मला विचार, वाक्य बदलू नकोस" असं सांगतो. थोडं मावशीसारखं वागतं मग. वेळ तिप्पट लागतो.

---

पिंपळनेरवाला | बुधवार, सकाळी ९:२०

मावशी ॲप काढा कोणीतरी.

---

चोपड्याचीलेक | गुरुवार, रात्री ११:५०

मंडळी, केळीचा घड यांचं वाचून काल रात्री चौथं प्रकरण काढलं. माझा जुना मसुदा एका बाजूला, सुधारलेला दुसऱ्या बाजूला, ओळीला ओळ लावून वाचलं.

मी सगळीकडं "सालदार" लिहून पहिल्यांदा कंसात "ॲन्युअल फार्म सर्व्हंट" असा अर्थ दिला होता. मशीननं ११ ठिकाणी त्याचं "बाँडेड लेबरर" केलंय. वेठबिगार! न विचारता, न सांगता. मी ते दीड वर्ष वागवतेय. एका परिसंवादात वाचूनही दाखवलं.

सालदार म्हणजे आखाजी ते आखाजी ठरवलेला माणूस. साल ठरतं, उचल (आगाऊ पैसे) मिळते, धान्य ठरतं. वर्ष संपलं की दुसरा मालक बघायला मोकळा. वेठबिगारी हा १९७६ च्या कायद्यानं गुन्हा आहे. म्हणजे ज्या २१ मालकांनी मला चहा पाजून मुलाखत दिली, त्यांना मी गुन्हेगार ठरवून मोकळी झाले होते.

---

केळीचा_घड | शुक्रवार, सकाळी ६:३०

बाप रे. माझा कांदा परवडला.

---

वकिलीण_अमळनेर | शुक्रवार, सकाळी ७:१५

ताई, थांबा जरा. लगेच ११ ठिकाणी खोडू नका.

१९७६ च्या कायद्यात साखळदंड लागत नाही. उचल घेतली आणि तिच्यापायी दुसरीकडं काम करायची मोकळीक गेली, तर तेवढ्यावरही वेठबिगारी ठरू शकते. १९८२ मध्ये एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात तर सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की किमान वेतनापेक्षा कमीत राबवणं हीसुद्धा सक्तीची मजुरी. तुमच्या ६४ मध्ये असे किती आहेत की ज्यांची उचल आखाजीला फिटली नाही म्हणून ते त्याच मालकाकडं पुढच्या सालाला राहिले?

---

फडावरचा_पाटकरी | शुक्रवार, सकाळी ७:४०

मॅडम, माझे आजोबा सालदार होते. मालकानं आमच्या बापाची फी भरली. सगळ्यांना एका कायद्याच्या काठीनं हाणू नका.

---

वकिलीण_अमळनेर | शुक्रवार, सकाळी ७:४६

हाणत नाही दादा. फी भरली हे खरं, आणि ती उचलीत धरली होती का हेही विचारायला हवं ना?

---

फडावरचा_पाटकरी | शुक्रवार, सकाळी ८:३०

बापाला फोन केला. धरली होती.

---

चोपड्याचीलेक | शुक्रवार, रात्री १०:१५

आज दिवसभर तक्ते काढून बसले. ६४ पैकी १७ जणांची उचल फिटली नव्हती आणि ते त्याच घरी राहिले. त्यातले काही म्हणतात "मालक चांगला म्हणून राहिलो". माझ्या मुलाखतीत हा प्रश्न मी सरळ विचारलाच नव्हता. मशीनचा शब्द चुकीचा की अर्धा बरोबर, हे मला आज सांगता येत नाही. प्रकरण माझं, आणि मलाच येत नाही.

गाईडना दोन पानं दिली. पहिल्यावर त्या दोन मुलाखतींचं. दुसऱ्यावर: कुठल्या प्रकरणाची भाषा कशानं, कोणत्या महिन्यात सुधारली, जुने मसुदे सोबत जोडलेत, संदर्भ सगळे स्वतः उघडून पाहिलेत, आणि "सालदार" शब्दाचं काय झालं ते. ३८ टक्क्यांबद्दल एकच ओळ, की हे प्रकरण माझं आहे आणि त्यावर कुठलाही प्रश्न विचारा. सर म्हणाले, ते १७ जण पुन्हा भेटल्याशिवाय चौथं प्रकरण घेणार नाही. सहा महिने गेले माझे. पुढच्या महिन्यात रजा टाकून जाईन म्हणते.

---

नाना_निवृत्त | शनिवार, सकाळी ६:०५

जा. आणि "बाँडेड लेबरर"ला तुमचा सालदार स्वतः काय म्हणतो, तेही विचारून या.

---

फडावरचा_पाटकरी | शनिवार, सकाळी ६:२०

ताई, पुढच्या महिन्यात नको. आखाजी तीन आठवड्यांवर आली. नंतर गेलात तर अर्धे दुसऱ्याच गावात सालाला लागलेले असतील.